लेम्पीबाईच्या मीटरचा काटा

१

जानेवारीतल्या त्या गुरुवारी सकाळी सुलो पेल्टोला आपल्या दारातला बर्फ उपसत होता, तेव्हा शेजारच्या लेम्पी हार्यूच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर त्याला बर्फ दिसला. अमेरिकेतल्या लेक सुपीरियरच्या काठावरच्या त्या फिनिश लोकांच्या गावात खिडकीवरच्या बर्फाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण हा बर्फ काचेच्या आतल्या बाजूने होता.

सुलोने फावडं तिथंच टाकलं. लेम्पीचं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत फ्रीजमध्ये शिरल्यासारखी थंडी. उत्तरेच्या भिंतीतला पाइप फुटून फरशीवर पाणी गोठलं होतं. आणि तळघरातली घर तापवायची गॅसची भट्टी मात्र चालू होती, तिचा घुमणारा आवाज वरपर्यंत येत होता. अंथरूण रिकामं होतं. एकोणऐंशी वर्षांची बाई, डावा खांदा निकामी, बाहेर उणे वीस.

बर्फ आदल्या संध्याकाळीच पडायचा थांबला होता. अंगणात गुडघाभर थर होता आणि त्यावर पावलांची एकच ओळ होती, मागच्या दारापासून सरळ परसातल्या सौनापर्यंत. अंग शेकायची ती लाकडी खोली तिथं घराघराच्या परसात असते. सुलो धापा टाकत पोचला, दार उघडलं. लेम्पी खालच्या फळीवर गोधडी गुंडाळून झोपली होती, गाल चांगले गुलाबी.

“दार लाव, वाफ जाते,” ती डोळे न उघडता म्हणाली.

बाई वाचली, पण कोणीतरी मरता मरता वाचलं म्हटल्यावर गाव दोषी शोधतंच. दुपारी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निरीक्षकाने भट्टीचा गॅस मोजला आणि दोषीही सापडला. नाव होतं क्रिस्टा लाह्ती.

२

ओन्नी रौताला पस्तीस वर्षं भट्ट्या दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस. आता तो सकाळी पाइनच्या फळ्यांची पक्ष्यांसाठी घरटी करायचा आणि दुपारी ती पक्ष्यांना का आवडत नाहीत याचा विचार करायचा. शुक्रवारी सकाळी क्रिस्टा त्याच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिने टोपीसुद्धा काढली नाही. ती त्याच्याच हाताखाली शिकलेली. आज बत्तीस वर्षांची होती आणि त्या भागात भट्टीचं काम करणारी एकटी बाई होती.

“सोमवारी माझा परवाना काढून घेणार आहेत,” ती म्हणाली. “मी न मोजताच आकडा लिहिला म्हणतात. मी मोजला होता, मिस्टर रौताला.”

ओन्नीने तिला बसवलं, कॉफी आणि वेलदोड्याचा पाव पुढं ठेवला आणि पहिल्यापासून सांग म्हणाला. हकीकत साधी होती. डिसेंबरातल्या एका शनिवारी, दुपारी चारच्या सुमारास, लेम्पीचा भाचा डेल याच्या सांगण्यावरून ती भट्टी तपासायला गेली. भट्टीवरची पाटी सांगत होती की हिला तासाला शंभर घनफूट गॅस लागतो. म्हणजे मीटरच्या छोट्या काट्याने एका घनफुटाचा फेरा छत्तीस सेकंदांत पुरा करायला हवा. क्रिस्टाने आधी गॅसचा दाब पाहिला. तो जरा चढा होता, तो तिने स्क्रू फिरवून साडेतीनच्या ठरलेल्या आकड्यावर आणला. मग भट्टी चालू ठेवून बाहेर मीटरपाशी घड्याळ लावलं. फेरा सव्वीस सेकंदांत.

“म्हणजे भट्टी दीडपट गॅस खात होती,” ओन्नी म्हणाला.

“जवळजवळ. दाब बरोबर, तरी गॅस जास्त. म्हटलं, कोणीतरी जेट मोठे घातलेत.” शेगडीत असतात तसेच बारीक भोकाचे पितळी जेट भट्टीतही असतात. क्रिस्टाने ते बदलून लहान घातले, पुन्हा मोजलं, बरोबर छत्तीस सेकंद भरले. तसं चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी भट्टीवर चिकटवली. काल निरीक्षकाने मोजलं तर तोच फेरा साठ सेकंद घेत होता. भट्टी निम्म्याहून थोड्याच जास्त आगीवर चालली होती. डिसेंबर उबदार गेला म्हणून कोणाला कळलं नाही. खरी थंडी आली आणि घर गोठलं.

ओन्नीने विचारलं, घरात दुसरं काही गॅसवर होतं का? क्रिस्टाने तेव्हा हाच प्रश्न लेम्पीला विचारला होता. लेम्पी नाही म्हणाली होती. शेगडी विजेची, पाण्याची टाकी विजेची. क्रिस्टाने दोन्ही स्वतः पाहिल्या होत्या.

“मग एक तर तू खोटं बोलतेस,” ओन्नी कोट चढवत म्हणाला, “नाहीतर तू गेल्यावर कोणीतरी स्क्रू फिरवलाय. आणि तू खोटं बोलत असतीस तर माझा पाव संपवला असतास. खोटं बोलणाऱ्यांना भूक बरी लागते.”

३

स्क्रू फिरवायला कारण असलेला माणूस गावाला माहीत होता. डेलला मावशीला शहरातल्या वृद्धांच्या इमारतीत हलवायचं होतं. घर गारठलं तर मावशी आपोआप हलेल, असा हिशेब कोणीही मांडला असता. शेजारच्या सुलोने तर तो मांडून चारचौघांत सांगितलाही होता. डेलचा आणि त्याचा छत्तीसचा आकडा जुनाच होता.

तळघराच्या पायऱ्यांवर ओन्नीने डेलला गाठलं. चाळिशीचा, जाड मिशांचा, रडवेला झालेला माणूस. क्रिस्टा गेल्यावर दुसऱ्या दिवशी आपण खाली आलो होतो, हे त्याने न विचारता सांगून टाकलं. फिल्टर बदलायला आलो होतो म्हणाला.

“हलवायचंय मला तिला, नाही म्हणत नाही. पण मारायचंय का, ओन्नी? माझी आई गेल्यावर हिनेच मला वाढवलंय.”

ओन्नीने गुडघे टेकले, टॉर्च दाबाच्या स्क्रूवर धरला आणि हसला. स्क्रूच्या झाकणाच्या कडेवर लाल रंगाचा एक थेंब होता. नेलपॉलिश. क्रिस्टाची ही जुनी खोड. काम झालं की झाकणावर थेंब ठेवायचा, म्हणजे कोणी झाकण उघडलं तर तो तडकतो. काम शिकताना बरोबरचे पुरुष तिला यावरून चिडवायचे. थेंब अखंड होता.

त्याने दाबमापक लावला. दाब मोजायची जागा वेगळी असते, त्यामुळं थेंबाला धक्का लागला नाही. साडेतीन, चिठ्ठीवर होता तसाच. जेटवर कोरलेला आकडाही चिठ्ठीवरचाच. मग तो बाहेर गेला, भट्टी पूर्ण पेटल्यावर शाळेतल्या स्की शर्यतींचं स्टॉपवॉच काढून मीटरपाशी उभा राहिला. साठ सेकंद. पुन्हा मोजलं. साठ.

म्हणजे भट्टीला कोणी हात लावला नव्हता. तोच दाब, तेच जेट. त्यातून जाणारा गॅसही तोच असायला हवा. मग त्या शनिवारी काटा छत्तीस सेकंदांत फिरला, तो कशाने? ओन्नीला थंडीचा विसर पडला. पस्तीस वर्षांत भट्टीने त्याला चकवलं होतं, पण मीटरने कधी नाही.

४

पाइप दुरुस्त झाला होता, थंडी ओसरली होती. लेम्पी विजेचा हीटर पायाशी घेऊन स्वयंपाकघरात बसली होती. सोमवारपर्यंत भट्टीला कोणी हात लावायचा नाही अशी निरीक्षकाची सक्त ताकीद होती, आणि तीनदा आग्रह होऊनही ती डेलकडे राहायला गेली नव्हती. उद्या शनिवार आहे, सौना चुकवणार नाही, एवढंच तिचं कारण.

ओन्नी आणि ती एका वर्गातले. त्याने विचारलं, त्या दिवशी क्रिस्टा आली तेव्हा तू काय करत होतीस? लेम्पी म्हणाली, शनिवारी दुपारी बायका काय करतात ते. मग तिने कपात साखर घातली. ती साखर घेत नाही, हे ओन्नीला दुसरीपासून माहीत होतं.

तिथून तो सुलोकडे गेला. सुलोच्या भिंतीला बर्चच्या लाकडांची थप्पी इतकी नेटकी रचलेली की देवळात ठेवावी. सौना लाकडावरच तापवायचा, यावर सुलोचं आणि लेम्पीच्या नवऱ्याचं, उर्होचं, एकमत होतं. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना उर्हो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होता, गॅसवरच्या सौनात माणूस शेकत नाही, पाव भाजतो. ते वाक्य अजून गावात चालायचं. उर्होला जाऊन तीन वर्षं झाली होती.

“तेव्हापासून तिने आम्हाला सौनाला बोलावणं टाकलं,” सुलो म्हणाला. “चाळीस वर्षं दर शनिवारी जायचो. दुःख असतं एकेकाचं. पण नेम मोडला नाही हो बाईने. शनिवारी तीनला धूर निघतो, घड्याळ लावून घ्या. सव्वातीनला बंद.”

ओन्नीने मान वर केली. “सव्वातीनला?”

“कोरडं लाकूड असेल.”

“आणि गुरुवारी सकाळी धूर होता?”

सुलोने आठवून पाहिलं. नव्हता. आत लाकडं होती का? एक टोपली होती, तिच्यात नुसती सालपटं. बाईच्या पावलांची ओळ दारापासून सौनापर्यंतच होती ना? हो, एकच. तिच्या लाकडांच्या थप्पीकडे एकही पाऊल नव्हतं? नव्हतं, तिथला बर्फ कोरा होता.

“मग रात्रभर सौना गरम कशावर राहिला, सुलो?”

“जुना सौना ऊब धरून ठेवतो,” सुलो ठामपणे म्हणाला. श्रद्धा असली की माणसाला डोळे नुसते मिचकावायला उरतात. ओन्नी परत येताना लेम्पीच्या थप्पीपाशी थांबला आणि एक ओंडका उपसून पाहिला. त्याची टोकं राखाडी पडली होती आणि सालीवर बुरशी चढली होती. त्या थप्पीतलं लाकूड तीन हिवाळे कोणी हलवलं नव्हतं.

५

शनिवारी तीन वाजता लेम्पीच्या सौनाच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला. ओन्नी डेलला घेऊन तळघरात उतरला आणि भट्टीचं बटण बंद करायला सांगितलं. बटण बंद केलं म्हणजे स्क्रूला हात लागत नाही, एवढी तरी सूट निरीक्षकाने दिली असती. बर्नरच्या निळ्या ज्योती विझल्या. मग दोघं बाहेर मीटरपाशी आले.

घरात दुसरं काही गॅसवर नव्हतं. काटा उभाच राहायला हवा होता.

काटा फिरत होता.

डेल मागे सरकला. गॅस गळतोय की काय, असं त्याच्या तोंडून निघालं. ओन्नीने सांध्यांवर साबणाचं पाणी ओतलं, एकही बुडबुडा उठला नाही. मग त्याने घड्याळ लावलं. एक फेरा नव्वद सेकंदांत. म्हणजे तासाला चाळीस घनफूट. त्याने बर्फात काठीने आकडे लिहिले. काल भट्टीचे तासाला साठ, आणि हे चाळीस. साठ आणि चाळीस शंभर, आणि शंभराचा फेरा छत्तीस सेकंदांचा.

“पोरीने बरोबर मोजलं होतं,” तो म्हणाला. “भट्टी पहिल्यापासून ठीक होती. शंभरच खात होती. वरचे चाळीस दुसऱ्याच कोणाच्या पोटात जात होते आणि उपास घडला भट्टीला.”

“कोणाच्या पोटात?”

ओन्नी तळघरात गेला. मुरंब्याच्या बरण्यांचं फडताळ त्याने भिंतीपासून वीतभर ओढलं. मागे मुख्य पाइपला एक फाटा फुटला होता, स्वच्छ, काळजीपूर्वक बसवलेला. तो भिंतीतून परसाकडे गेला होता. ओन्नीने त्याला तिथंच थांबायला सांगितलं. पुढची गोष्ट भाच्यासमोर होण्याजोगी नव्हती.

६

लेम्पीने दार उघडलं तेव्हा तिच्या डोक्याला टॉवेल होता. कपडे बदलायच्या छोट्या खोलीत ती बाकावर बसली आणि ओन्नी उभाच राहिला. जुन्या धुराड्याखाली एक लोखंडी बादली होती, तिच्यात धूर दाखवण्यापुरती जाळलेली सालपटं. आतल्या खोलीतून बर्नरचा बारीक आवाज येत होता. लपवायला काही उरलं नव्हतं, तरी ती थोडा वेळ लपवायचा प्रयत्न करत राहिली.

मग म्हणाली, “माझा खांदा गेला तेव्हा मला ओंडके उचलवेनात. उर्होचं हृदयही तेव्हा धड नव्हतं. त्याने एका उन्हाळ्यात हे सगळं एकट्याने केलं, खिडक्यांना पडदे लावून. म्हणाला, कोणाला सांगू नकोस. आणि त्या थंडीत तो गेला.”

“म्हणून तू कोणाला बोलावत नाहीस.”

“बोलावलं तर कळेल. त्याने शब्द मोडला तो माझ्यासाठी, ओन्नी. त्याच्या माघारी त्याचं हसं करू?”

ओन्नीला वाईट वाटलं. खरं तर त्याला तिचा रागही आला होता, पण तो टॉवेल बांधलेल्या बाईवर काढता येईना. त्याने तिला समजावून सांगितलं की त्या शनिवारी हा बर्नर चालू होता म्हणून क्रिस्टाने जेट लहान घातले, आणि म्हणून घर गोठलं. लेम्पीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आपल्या एका ‘नाही’चा आणि फुटलेल्या पाइपचा काही संबंध आहे, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिचा चेहरा उतरला.

“तिने धुराडं पाहिलं, थप्पी पाहिली,” ओन्नी म्हणाला. “आपल्यातल्या कोणाला विचारतात का, तुमचा सौना गॅसवर आहे का म्हणून? शिवी दिल्यासारखं होईल ते. घरातल्याबद्दल विचारलं आणि तुझ्या शब्दावर गेली. चुकली ती तेवढीच. भट्टी विझवून काटा उभा राहतो का, ते आधी बघायला हवं होतं. मीही ते कितीदा बघितलं नसेल.”

“तू सांगणार सोमवारी?”

“नाही. गुपित तुझं आहे. पण परवाना तिचा आहे, लेम्पी.”

तो बाहेर पडला तेव्हा आतला बर्नर बंद झाल्याचा आवाज आला.

७

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात नेहमीसारखी कॉफी होती. क्रिस्टाची आई किटली घेऊन फिरत होती आणि लोक तिच्याकडे न पाहता कप पुढं करत होते. क्रिस्टा आली नव्हती. ओन्नी कोपऱ्यात बसला होता.

लेम्पी उभी राहिली. तिने चमचा कपावर वाजवला.

“माझा सौना गॅसवर आहे,” ती म्हणाली. “तीन वर्षं. उर्होने बसवला, माझ्या खांद्यासाठी. क्रिस्टाने मला विचारलं होतं आणि मी खोटं बोलले. घर माझ्यामुळं गोठलं. कोणाला हसायचं असेल तर मला हसा, त्याला नाही.”

कोणी हसलं नाही. तिने जाऊन क्रिस्टाच्या आईच्या हातातली किटली घेतली आणि तिच्यासाठीच कपात कॉफी ओतली. थोडी बशीत सांडली. सुलो पेल्टोलाने कप तसाच ठेवला, टोपी घातली आणि निघून गेला. लेम्पी दाराकडे बघत राहिली. हे होणार हे तिला माहीत होतं. म्हणूनच तर तिने तीन वर्षं दार लावून घेतलं होतं.

सोमवारी परवान्याचा सरकारी माणूस लेम्पीच्या घरीच आला. क्रिस्टाने काढून ठेवलेले जुने जेट पुन्हा बसवले. मग ती स्टॉपवॉच हातात घेऊन लेम्पीकडे वळली. ओन्नी बाजूला उभा होता.

“मिसेस हार्यू, दुसरं काही गॅसवर चालू आहे का?”

“आहे,” लेम्पी म्हणाली. “थांब, मीच बंद करून येते.”

ती परसातून जाऊन आली. क्रिस्टाने आधी भट्टी विझवून काटा पाहिला. काटा उभा होता. मग भट्टी पेटवून घड्याळ लावलं. छत्तीस. तिने पुन्हा मोजलं, मग तिसऱ्यांदा, आणि मग तिला रडू फुटलं. सरकारी माणसाने कागदावर सही केली आणि आपला पेन झाडून पाहत राहिला, जणू शाईच नीट येत नव्हती. लाल थेंब मात्र क्रिस्टाने त्याच्यासमोरच ठेवला.

सगळे पांगले तेव्हा कुंपणापाशी सुलो उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. लेम्पी दारात थबकली. सुलोने आपल्या देवळासारख्या थप्पीकडे पाहिलं, मग स्वतःच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे.

“किती मिनिटांत तापतो?” त्याने विचारलं.

“पंचेचाळीस.”

बाहेर क्रिस्टाची गाडी सुरू झाली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

“मग शनिवारी किती वाजता येऊ?” सुलो म्हणाला.